सोप्रानो व्हायचं तर: चोपड्याच्या एका वडिलांना सविस्तर उत्तर

चोपड्याहून एका भाऊंनी विचारलंय. मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा झालेली. वर्षभर ती मोबाइलवर ऑपेरा ऐकते, मोत्सार्टच्या 'रात्रीच्या राणी'चं गाणं ऐकून ऐकून बसवलंय आणि वरचे सूर खरंच लागतात, असं तिच्या शाळेतल्या संगीताच्या बाईही म्हणतात. आजी विचारते, "कसाले आरडस वं माय?" आणि मुलगी म्हणते, मला सोप्रानो व्हायचंय, म्हणजे ऑपेरातली, पाश्चात्य संगीतनाटकातली, सगळ्यात उंच पट्टीची गायिका. भाऊंचे प्रश्न असे: यात करिअर असतं का, पोट भरतं का, आत्ता काय करायचं, आणि शेवटच्या ओळीत जरा संकोचून, लग्नाचं कसं.

भाऊ, करिअर असतं आणि पोटही भरतं. पण ते ज्या कामावर भरतं, ते तुमच्या मुलीनं मोबाइलवर पाहिलेलं नाही. मी जळगावची. विशारद इथंच केलं, मग मुंबईत पाश्चात्य गायन, मग जर्मनीत शिक्षण, आणि तिथल्या एका मध्यम शहराच्या थिएटरात बरीच वर्षं कोरस (समूहगायन) आणि छोट्या भूमिका. आता जळगावात गळा घडवायचं काम करते. त्यामुळे जे सांगतेय ते मोठ्या पडद्यामागचं नाही, मधल्या फळीतलं आहे. या धंद्यातली बहुतेक माणसं याच फळीत असतात.

आधी त्या राणीबद्दल बोलू, कारण सगळ्या मुली तिथूनच सुरुवात करतात. 'द मॅजिक फ्लूट' हा ऑपेरा १७९१ सालचा, व्हिएन्नातला. राणी पहिल्यांदा गायली योझेफा होफर, मोत्सार्टची मेहुणी. तिचा गळा वर सहज जायचा, म्हणून त्यानं तिच्या मापाचं लिहिलं. त्यातला सगळ्यात वरचा सूर आपल्या हिशेबात सांगायचा तर, काळी चारला सा धरला की अतितार सप्तकाचा शुद्ध धैवत. सोप्रानोचा तो प्रसिद्ध 'हाय सी' अतितारचा शुद्ध गंधार होतो. ऐकणाऱ्याला चक्कर येते हे खरं. पण अख्ख्या ऑपेरात राणीची मोठी गाणी दोनच. बाकीचा वेळ ती मुकुट सांभाळत मेकअप रूममध्ये बसून असते.

थिएटरला रोजच्या कामाला लागते ती सुझाना. मोत्सार्टच्याच 'द मॅरेज ऑफ फिगारो'तली, १७८६ची मोलकरीण. ती जवळजवळ सगळी रात्र रंगमंचावर असते. पळते, लपते, कपडे आवरते, भांडते, आणि हे सगळं करताना मध्य सप्तकाच्या वरच्या आणि तारच्या खालच्या भागात तीन तास गात राहते. तिथं चमकदार सूर कमी आणि इटालियन शब्द भरपूर. ज्या मुलीला सुझाना पेलते तिला काम मिळतं. जिला फक्त राणीचा धैवत येतो तिच्या व्हिडिओला लाइक मिळतात.

म्हणून कोणी मुलगी माझ्याकडे आली की मी तिचा अतितार ऐकून काही ठरवत नाही. मी मध्य सप्तकाचा धैवत ऐकते. हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या मुलींची खरी अडचण इथंच आहे आणि ती कोणी सांगत नाही.

प्रत्येक गळ्याला सांधे असतात. छातीचा भरीव आवाज वर जाता जाता एका ठिकाणी बदलायला बघतो. सोप्रानोचा खालचा सांधा साधारण मध्य सप्तकाच्या कोमल-शुद्ध धैवताच्या आसपास येतो आणि वरचा तार सप्तकाच्या कोमल धैवत ते कोमल निषादाच्या आसपास (काळी चारच्या हिशेबानं; गळ्यागणिक अर्धा-एक सूर इकडेतिकडे). ख्याल गाणारी मुलगी खालचा सांधा मानतच नाही. तिला शिकवलेलंच असतं की तार षड्जापर्यंत, पुढे गंधारापर्यंत, एकच भरीव आकार न्यायचा. आखाजीला झोक्यावर गाणाऱ्या आपल्या बाया बघा, कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बघा. सगळं छातीचं, उघडं, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारं. ते गाणं तसंच हवं. सोप्रानोला मात्र मध्य धैवतालाच छातीवरचा भार हळूहळू सोडून आवाज हलका वर न्यावा लागतो, तोही ऐकणाऱ्याला जोड कळणार नाही असा.

आता वरच्या सांध्याकडे बघा. ख्याल गाणारी मुलगी तार पंचमाला पोचली की झालं, त्याच्यावर फारसं काम नसतं. म्हणजे ती जिथं थांबते त्याच्या वर अर्ध्या सुरावर सोप्रानोचा दुसरा सांधा सुरू होतो. विशारद झालेल्या मुलीनंही तो प्रदेश कधी पाहिलेला नसतो. तुमची मुलगी राणीचे सूर लावते ते या सांध्यावरून उडी मारून. शिटीसारखा बारीक आवाज वर मोकळा असतो, लहान वयात तो बऱ्याच मुलींना सापडतो. खाली भरीव ख्याल, वर शिटी आणि मध्ये खड्डा. सोप्रानोचं शिक्षण म्हणजे पाच-सहा वर्षं तो खड्डा भरायचा.

भुसावळकडची एक मुलगी सध्या शिकतेय, तिचं उदाहरण देते. आकार सुंदर, मींड स्वच्छ, तंबोऱ्यात सूर मिसळून जायचा. तिला मी तार षड्जावरून खाली यायला सांगितलं, पण 'ऊ' या स्वरावर, हळू आवाजात. शुद्ध निषादापर्यंत ठीक, आणि धैवताला हवा सुटली. फुस्स. मग कोमल धैवताला एकदम छाती लागली, दार आपटल्यासारखी. पुन्हा, पुन्हा, तेच. ती चिडली. म्हणाली, "ताई, हा तर पोकळ आवाज आहे, गुरुजी ऐकतील तर हाकलतील." गुरुजींचं चूक नाही, त्यांच्या गाण्यात हा आवाज चालतच नाही. आम्ही तो पोकळ आवाजच धरून बसलो. रोज वीस मिनिटं, वरून खाली, 'ऊ'वरून हळूहळू 'ओ', मग 'आ'. दुसरं काही गायचं नाही. पावसाळा संपता संपता त्या पोकळीत थोडं मांस भरलं. आता ती धैवत ओलांडते तेव्हा मलाही कान टवकारून ऐकावं लागतं. राणीचं गाणं तिनं अजून म्हटलेलं नाही आणि आता मागतही नाही.

दोन गोष्टी आणखी बदलतात. आपल्याकडे सूर स्थिर हवा, काठीसारखा. ऑपेराच्या गळ्यात तो सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा सूक्ष्म हलतो, आणि हे हलणं मुद्दाम करायचं नसतं. श्वास आणि गळा मोकळा झाला की आपोआप येतं. मुद्दाम हलवणारी मुलगी बकरीसारखी ऐकू येते. आणि पियानोचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. आपला कान तयार असलेल्या मुलीला तो पहिले काही महिने बोचतो. बोचू द्या, तो कान पुढे कामाला येतो. सूर ऐकण्यात हिंदुस्थानी शिकलेल्या मुली वर्गातल्या कोणाला हार जात नाहीत, हे मी तिकडेही पाहिलंय.

आता माइकचं. ऑपेरात माइक नसतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याचा अर्थ अंगावर येतो तो पहिल्यांदा ऑर्केस्ट्रासमोर उभं राहिल्यावर. खाली, रंगमंचापुढच्या खड्ड्यात पन्नास-साठ, कधी ऐंशी वादक. समोर सभागृह. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचं जमशेद भाभा थिएटर हजार-अकराशे आसनांचं आहे. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा, म्हणजे 'मेट', जवळजवळ अडतीसशेंचं. एवढ्यात एकटीचा आवाज शेवटच्या रांगेला कसा पोचतो? ओरडून नक्कीच नाही. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण सेकंदाला पाचशे कंपनांच्या आसपास असतो, वर गेलं की तो उतरत जातो. कमावलेल्या गळ्यात तीन हजारच्या आसपास एक झळाळी तयार होते. तिथं ऑर्केस्ट्रा दुबळा आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट, म्हणून तो आवाज वाद्यांच्या वरून निसटून जातो. ही झळाळी घशाच्या पोकळीच्या आकारातून येते, ताकदीतून येत नाही. पुरुषांना आणि खालच्या पट्टीच्या बायकांना तीच तारते.

सोप्रानोचा तारच्या वरचा हिशेब मात्र वेगळा. 'हाय सी' म्हणजे सेकंदाला हजाराच्या वर कंपनं. तोंडात 'ई' धरली तर तोंडाची पोकळी तीनशेच्या आसपास घुमते. सूर वर आणि पोकळी खाली, मग आवाज बारीक आणि किरकिरा. म्हणून सोप्रानो वर जाताना जबडा उघडत जाते, पोकळीची घुमक सुराच्या उंचीला आणून भिडवते, आणि अर्थातच 'ई', 'ऊ', 'ए' सगळे 'आ'कडे सरकतात. वरच्या सुरांत बाई काय म्हणते ते कळत नाही, ही प्रेक्षकांची तक्रार खरीच आहे. त्याचं कारण हे. शिकवताना मी मुलीला आरशासमोर उभं करते आणि दोन बोटं उभी दातांत मावतील एवढं तोंड उघडून तार पंचमाच्या वर न्यायला सांगते. आपल्याकडच्या मुलींना हेच सगळ्यात जड जातं. गाताना तोंड वासायचं नाही, असं लहानपणापासून सांगितलेलं असतं.

बिनमाइकचं गाणं आपल्याला परकं आहे असं मात्र समजू नका. बालगंधर्व लहानपणी जळगावात शिकायला होते, गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथं मेहबूब खाँकडे घेतले. त्या पिढीची संगीत नाटकं रात्र रात्र चालत, शेवटच्या बाकापर्यंत पोचत, आणि तेव्हा भिंतीवर भोंगे नव्हते. आज जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि तिथं माइकशिवाय निवेदकसुद्धा उभा राहत नाही. असो.

सोप्रानोचे प्रकार बरेच आहेत. हलक्या चपळ गळ्याची सुब्रेट, उंच फिरतीची कोलोरातुरा, मधली लिरिक, तिच्याहून भक्कम स्पिंतो, आणि वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या प्रचंड ऑर्केस्ट्राला भिडणारी ड्रॅमॅटिक. जर्मनीत थिएटरं या खान्यांप्रमाणेच माणसं घेतात. तुमची मुलगी कुठल्या खान्यात बसेल ते आज कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सतराव्या वर्षी ते कळत नाही. हलके गळे बाविशी-पंचविशीत कामाला येतात, भारी गळे तिशी ओलांडल्यावर, आणि वाग्नरचे बहुधा त्याच्याही पुढे. आमच्या यावल-रावेरकडे केळीचा घड कच्चा उतरवून गॅसवर पिकवतात आणि तो पिवळा दिसतोही. गळ्याला तसं केलं की रंग येतो आणि आतून तो बसतो.

दोन सोप्रानोंची आयुष्यं शेजारी ठेवून बघा. बिर्गिट निल्सन, जन्म १९१८, दक्षिण स्वीडनमधल्या शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी. स्टॉकहोममध्ये पहिली मोठी भूमिका १९४६ला, म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी, तीही ऐनवेळी दुसरीच्या जागी. न्यूयॉर्कच्या मेटमध्ये पहिल्यांदा उभी राहिली डिसेंबर १९५९मध्ये, वाग्नरची इझोल्ड म्हणून. वय एक्केचाळीस. त्यानंतर वीसेक वर्षं गायली.

दुसरी मारिया कॅलस, जन्म १९२३. अथेन्समध्ये एल्विरा दे इदाल्गोकडे शिकली. अठराव्या वर्षी पूर्ण 'तोस्का' गायली, पंचविसाव्या वर्षापर्यंत तुरांदो, इझोल्ड आणि ब्र्युनहिल्ड या भारी गळ्याच्या भूमिका. जानेवारी १९४९मध्ये व्हेनिसला ती ब्र्युनहिल्ड गात होती आणि 'इ प्युरितानी' या ऑपेराची नायिका आजारी पडली. वाद्यवृंदाचे संचालक तुल्लिओ सेराफिन यांनी ती भूमिका कॅलसला दिली. आठवड्याभरात तिनं ती बसवली आणि गायली. एक भूमिका वाग्नरची, अंगावर लोखंड घातल्यासारखी. दुसरी बेल्लिनीची, रेशमाची. असं त्याच महिन्यात दोन्ही करणारी बाई कोणी पाहिलेली नव्हती. नाव झालं ते तिथून. आणि ऑपेराच्या रंगमंचावरचा तिचा शेवटचा प्रयोग जुलै १९६५चा, लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये, पुन्हा 'तोस्का'. वय एक्केचाळीस.

कॅलसचा आवाज लवकर का गेला यावर जाणकारांची भांडणं अजून चालतात: भराभर उतरवलेलं वजन, तब्येत, खासगी आयुष्य. माझं मत विचाराल तर, कोवळ्या वयात उचललेलं ओझं हे मोठं कारण. तिच्यासारखी अभिनेत्री-गायिका झाली नाही, हे मान्य करूनच म्हणतेय. पण शिष्येपुढे आदर्श ठेवायचा झाला तर मी निल्सन ठेवीन. जोन सदरलंड त्रेसष्टाव्या वर्षी, १९९०मध्ये सिडनीत निरोप घेईपर्यंत गायली. लिओंटिन प्राइसनं १९८५मध्ये मेटमध्ये 'आयदा' गाऊन ऑपेरा सोडला तेव्हा ती अठ्ठावन्नाव्या वर्षात होती. गळा जपला तर असा चालतो.

आता पोटाचं. वर घेतलेली नावं विसरा, ती विजेसारखी पडतात. नोकरी असते ती थिएटरात, आणि सगळ्यात जास्त थिएटरं आहेत जर्मनीत. सरकारी पैशावर चालणारी ऑपेरा थिएटरं तिथं ऐंशीच्या आसपास आहेत. आपल्या धुळ्या-जळगावाएवढ्या गावांतही. तिथं दोन तऱ्हांची पगाराची कामं. एक कोरस: महिन्याचा पगार, विमा, पेन्शन, सुट्ट्या. दुसरी पगारी एकल गायिका, हंगामाच्या करारावर. हा करार वाढवायचा नसेल तर थिएटर ते ऑक्टोबरअखेरपर्यंत कळवतं, म्हणून ऑक्टोबर महिन्यात सगळ्या गायकांची तोंडं उतरलेली असतात. पंधरा वर्षं एका थिएटरात झाली की सहजासहजी काढता येत नाही, त्यामुळे त्याच्या आतच करार संपवल्याच्या कहाण्या प्रत्येक कँटीनमध्ये ऐकायला मिळतात.

तिसरी तऱ्हा मुक्त गायिकेची. मोबाइलवर दिसतात त्या या. पैसे प्रयोगामागे. सहा आठवडे तालमी, त्या काळात परक्या शहरात खोलीचं भाडं बहुधा आपल्याच खिशातून, एजंटाचा टक्का वेगळा. आणि प्रयोगाच्या दिवशी सर्दी झाली, गायलं नाही, तर त्या रात्रीचे पैसे नाहीत. दुसरी कोणी आजारी पडली तर सकाळी फोन येतो, दुपारी ट्रेन, संध्याकाळी अनोळखी माणसांच्या मिठीत मरायचं. यातूनच नावं होतात, हेही खरं. १९६५मध्ये मेरिलिन हॉर्न गरोदर होती म्हणून न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिच्या जागी मोन्सेरात काबाये नावाची स्पॅनिश गायिका आली, आणि त्या एका संध्याकाळनं ती जगाला माहीत झाली. पण तेव्हा तिच्या मागे बाझल आणि ब्रेमेनच्या थिएटरांत घालवलेली वर्षं होती. ती कोणी सांगत नाही.

कोरसमधला माझा दिवस सांगितला तर अंदाज येईल. सकाळी दहाला तालीम, एकला सुट्टी. मधले चार-पाच तास ना घरचे ना दारचे. संध्याकाळी पुन्हा तालीम नाहीतर प्रयोग. प्रयोगाला दीड तास आधी हजेरी: विग, मेकअप, मागून कोणीतरी आवळलेली चोळी, आणि त्या आवळलेल्या फासळ्यांतून श्वास घ्यायचा. रंगमंचावर धुराचं यंत्र सोडलेलं, त्या धुरात खोकला दाबून 'ला त्राविआता' ऑपेरातल्या पार्टीत हसायचं. विंगेत छोट्या स्क्रीनवर वाद्यवृंदाचा संचालक दिसतो, त्याच्या हातावर नजर. रात्री अकराला घरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. नाताळात सगळं गाव घरी जेवतं तेव्हा आमचे सगळ्यात जास्त प्रयोग. मला हे काम आवडायचं. साठ माणसांच्या आवाजात आपला सूर मिसळून एक भिंत उभी राहते, तो आनंद एकलीला मिळत नाही. पण हे कारकुनी शिस्तीचं काम आहे, आणि ज्या मुलीला फक्त मधोमध उभं राहायचंय तिला ते तुरुंग वाटतं. बारावीची परीक्षा झाली की तुमच्या मुलीला विचारा. उत्तर द्यायला तिला वेळ लागला तर चांगलं लक्षण समजा.

एक गंमतही सांगून ठेवते. दलीब नावाच्या फ्रेंच संगीतकाराचा १८८३चा 'लाक्मे' हा ऑपेरा आहे, नायिका भारतातल्या ब्राह्मणाची मुलगी. त्यात उंच फिरतीचं एक घंटेचं गाणं आहे. तुम्ही भारतातून आलात म्हटलं की युरोपात हमखास विचारतात, ते गाता का? गळा त्या जातीचा नसेल तर सरळ नाही म्हणायचं, रंगरूपावरून भूमिका घ्यायची नाही.

शिकायला कुठं जायचं? पैसा हा मुद्दा असेल तर जर्मनी. तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयांत फी बहुतेक राज्यांत नाममात्र. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला पंधराशे युरो आहेत. पण राहण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात: सप्टेंबर २०२४पासून व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड' खात्यात (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) ठेवायचे. आकडा बदलतो, वकिलातीच्या साइटवर पाहून घ्या. प्रवेश गाऊन मिळतो. दोन-तीन भाषांतली गाणी, कानाची परीक्षा, थोडा पियानो, आणि जर्मन भाषा. गायनाला बऱ्याच ठिकाणी वयाची वरची मर्यादा असते, म्हणून 'आधी इंजिनीअरिंग, मग बघू' हा आपला नेहमीचा मार्ग इथं अंगाशी येऊ शकतो. इंग्लंडमधली रॉयल अकॅडमी, रॉयल कॉलेज, गिल्डहॉल ही संगीत महाविद्यालयं उत्तम आहेत, पण परदेशी विद्यार्थ्यांची फी शिष्यवृत्तीशिवाय आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ गिल्डहॉललाच शिकल्या आणि लंडनमध्ये मोठं नाव कमावलं. ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या गळ्यासाठी मुद्दाम रचना लिहिल्या. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०१६मध्ये उघडलं तेव्हा त्याच गायल्या. म्हणजे इथून तिथपर्यंत रस्ता आहे, त्यावर रहदारी कमी, एवढंच.

आत्ता, चोपड्यात बसून काय करायचं? राणीचं गाणं बंद. किमान वर्षभर. ख्याल सोडायचा नाही, पण पट्टी ताणायची नाही, आणि पहाटेचा जड खर्ज लावत असेल तर तो हलका करायचा. एक कीबोर्ड घ्या, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, दाबाला वजन असलेला. जुना चालेल. पेटीनं हे काम भागत नाही, कारण दोन्ही हातांनी वाजवून स्वरमेळ कानात बसवायचा असतो. स्टाफ नोटेशन वाचायला शिकावंच लागेल. मध्यमा झालेल्या मुलीला ते एका उन्हाळ्यात जमतं. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा द्यायला हरकत नाही, शिस्त लागते, पण प्रवेश त्यावर मिळत नाही. जर्मन भाषा ऑनलाइन आजपासून सुरू करा. चार वर्षांनी मुलीनं ऑपेरा सोडला तरी ती भाषा तिला कामाला येईल. आणि वर्षातून एक-दोनदा तिला मुंबईला एनसीपीएला घेऊन जा, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम बघून तारीख ठरवा. माइकशिवायचा आवाज खोलीत कसा भरतो हे हेडफोनवर कळत नाही. सहा महिन्यांत ऑपेरा शिकवतो म्हणणारे वर्ग मोठ्या शहरांत निघालेत. तिथं पहिल्याच आठवड्यात मोठं गाणं हातात देतात का ते बघा; देत असतील तर पैसे भरू नका.

तब्येतीचं आपल्या भागापुरतं. शेवभाजी आणि ठेचा बंद करा असं मी म्हणणार नाही, मीच ऐकणार नाही. पण रात्री दहाला तिखट जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि स्वरतंतूंवर सूज धरते. सकाळी आवाज जड, सारखं खाकरावंसं वाटतं, ते बऱ्याचदा यानंच. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा तहान लागायच्या आधी पाणी. कूलरची टाकी आठवड्याला घासा. नवरात्रात डीजेच्या आवाजावर ओरडून बोलणं हे मुलींचे गळे बिघडायचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण आहे. आवाज बसला आणि दोन आठवड्यांत सुटला नाही तर काढे पुरेत, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू पाहून घ्या. आणि गायच्या सुरुवातीलाच एकदा, काही त्रास नसतानाही पाहून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येते.

लग्नाचं. सोप्रानो लग्न करतात, मुलंही होतात. गरोदरपणात बऱ्याच जणी सहा-सात महिन्यांपर्यंत गातात. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू श्वास पेलायला पुन्हा तयार व्हायला काही महिने जातात, आणि काहींचा आवाज त्यानंतर भरतोही. अडचण शरीराची कमी, वेळापत्रकाची जास्त. संध्याकाळी घरी नाही, सणाला घरी नाही, करार संपला की गाव बदललं. माझ्या थिएटरात ज्यांचे संसार नीट चालले त्यांचे नवरे एकतर त्याच थिएटरात होते, नाहीतर कुठूनही काम करता येईल अशा नोकरीत. स्थळ येईल तेव्हा हे त्यांना पहिल्या बैठकीतच सांगा, कांदेपोह्यांच्या आधी. पण शिकायची वर्षं वीस ते अठ्ठावीस ही आहेत आणि आपल्याकडे स्थळं येतात तीही तेव्हाच. मधे थांबवून पुन्हा सुरू करता येईल असं हे शिक्षण नाही, गळ्याला तेवढी उसंत नसते. तेव्हा ती आठ वर्षं द्यायची तयारी आहे का, हे तुम्ही आणि वहिनींनी आधी आपसात ठरवा. मुलीला बारावीच्या परीक्षेपर्यंत यातलं काही विचारू नका.